उठावाची कार्डे : फोल्डर घेण्याआधी कागद पाहा

लग्नाची पत्रिका छापून घरोघर वाटण्याची रीत अजून संपलेली नाही, पण तिचा आकडा घटला आहे. जो बाप पूर्वी पाचशे पत्रिका छापून घेत असे, तो आता शे-दीडशे छापतो आणि बाकीच्यांना मोबाईलवर चित्र पाठवून मोकळा होतो. छापखान्यांच्या दृष्टीने ही काही चांगली खबर नव्हे. परंतु याच बदलातून घरी बसून हाताने कार्डे बनविणाऱ्यांसाठी एक लहानसे दार उघडले आहे. ज्याला पन्नासच पत्रिका द्यावयाच्या आहेत, तो त्या पन्नास देखण्या मागतो आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजण्याचीही त्याची तयारी असते.

आमचा धंदा कापडाचा. लग्नाचे जोडे आणि दुपट्टे आमच्या दुकानात खपतात. जोड्याच्या डब्यात ठेवावयाचे कार्ड, ईदी देण्याचे लिफाफे, अकीक्याची आमंत्रणे असा जिन्नस घेऊन मोहल्ल्यातील मुली व सुना गेली काही वर्षे आमच्याकडे येतात आणि आम्ही तो गल्ल्याशेजारी मांडून ठेवतो. त्यामुळे कोणते कार्ड गिऱ्हाईक हातात घेते आणि कोणते परत ठेवते, हे आम्हांला रोज दिसते. गिऱ्हाईक कार्ड पाहून झाले की त्यावरून बोट फिरविते. कापडाच्या बाबतीतही लोक असेच करतात. बोटाला काही लागले तर भाव विचारला जातो. म्हणूनच उठावाच्या कामाला, म्हणजे एम्बॉसिंगला, मागणी आहे. परंतु या कामासाठी लागणारे फोल्डर विकत घेताना पुष्कळांचे भांडवल अडकून पडते, असेही आम्ही पाहिले आहे. या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

प्रथम एक घोटाळा दूर करू. बाजारात ‘एम्बॉसिंग’ हा एकच शब्द दोन निराळ्या कामांना वापरला जातो. ओल्या शाईवर भुकटी टाकून ती गरम हवेने वितळविली की अक्षरे फुगून चमकतात. ते एक काम. त्यात कागद जसा होता तसाच सपाट राहतो, फक्त वर एक थर चढतो. दुसरे काम म्हणजे कागदालाच दाबून त्यात उंच-सखल नक्षी उठविणे. फोल्डर लागतो तो या दुसऱ्या कामाला. सामान मागताना हे स्पष्ट सांगावे, नाहीतर दुकानदार भुकटीची डबी पुढे करतो.

फोल्डर म्हणजे प्लास्टिकची दोन पाने, एका बाजूने बिजागरासारखी जोडलेली. एका पानावर नक्षी वर आलेली असते, दुसऱ्यावर तीच नक्षी खोलगट असते. छापखान्यातील नर-मादी ठशाची जोडीच ही, फक्त धातूऐवजी प्लास्टिकची. मध्ये कागद ठेवून फोल्डर मिटावयाचा, वर-खाली प्लेटा लावावयाच्या आणि हाताने फिरवावयाच्या यंत्राच्या दोन रोलरांमधून तो थर पार करावयाचा. एका कार्डाला मिनिटभरही लागत नाही. ना वीज लागते, ना शाई. कापडावर नक्षी उठविणारे कॅलेंडर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही तऱ्हा लगेच कळेल. तेथे कोरलेला गरम पोलादी रोलर कापडाला मऊ रोलरवर दाबतो. तयारी न केलेल्या सुती कापडावरचा तसा उठाव धुण्यात निघून जातो आणि सिंथेटिकवर तो उष्णतेने बसतो. कागदाचेही स्वतःचे असे स्वभाव आहेत. फोल्डर निवडण्यापूर्वी ते ओळखले पाहिजेत.

कागदाचा स्वभाव

मोहल्ल्यातील एका बहिणीची गोष्ट सांगतो. तिने एका विक्रेत्याकडून वीस फोल्डरांची पेटी स्वस्तात मिळते म्हणून मागविली. पेटी घेऊन ती आमच्या दुकानात आली.

“चाचा, एक-एक घेतले असते तर दुप्पट पैसे गेले असते.”

“बेटी, यांतले चालले किती?” आम्ही विचारले.

“तीन.”

बाकीच्यांत नाताळची झाडे होती, हरणे होती, बर्फाच्या पाकळ्या होत्या, वाढदिवसाची इंग्रजी अक्षरे होती. हे फोल्डर मुख्यतः परदेशातील गिऱ्हाइकांसाठी बनतात, त्यामुळे असा माल त्यात असणारच. पण तिची खरी अडचण निराळीच निघाली. जे तीन चालण्याजोगे होते, त्यांचाही उठाव तिच्या कागदावर फुटत होता. चकचकीत आर्ट कार्डावर ती नक्षी काढीत होती आणि प्रत्येक वळणावर बारीक तडे जाऊन आतला पांढरा रंग दिसत होता. आम्ही तिला त्याच फोल्डरात साध्या, न चकाकणाऱ्या कार्डशीटचा तुकडा घालून पाहावयास सांगितले. नक्षी स्वच्छ उठली. दोष फोल्डरात नव्हताच.

तेव्हा आधी कागद. साध्या पातळ फोल्डरासाठी १६० ते २२० जीएसएमची कार्डशीट ठीक पडते. त्याहून पातळ कागदावर नक्षी उठते, पण बोटाने दाबताच बसते. आजकाल खोल नक्षीचे जाड फोल्डर मिळतात, त्यांना विक्रेते थ्री-डी म्हणतात. त्यांच्यासाठी २५० जीएसएमच्या आसपासचा कागद घ्यावा, कारण तेथे कागदाला बरेच ताणावे लागते आणि पातळ कागद फाटतो. चकाकीचा थर दिलेले कार्ड पुष्कळदा तडकते. रंगीत कार्ड घेताना कोपरा फाडून पाहावा. रंग आतपर्यंत असेल तर उत्तम. वरवरचा असेल आणि आत पांढरे असेल, तर लहानसा तडाही लांबून दिसेल. ट्रेसिंग पेपरसारखा अर्धपारदर्शी कागद मात्र एक गंमत करतो. जेथे तो ताणला जातो तेथे पांढरा पडतो, त्यामुळे शाई न लावताच नक्षी उमटते. निकाहच्या पत्रिकेवर असे पान वरून बांधले तर फार नाजूक दिसते.

कागदालाही ताणा-बाणा असतो, असे म्हटले तर आमच्या कापडवाल्या बांधवांना हसू येईल, पण ते बरेचसे खरे आहे. गिरणीच्या कागदातील तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलके वाकवून पाहा, ज्या बाजूने तो सहज वाकतो ती त्याची दिशा. कार्डाची घडी याच दिशेने घातली तर ती सरळ येते, उलट घातली तर घडीवर कागद फुटतो. उठावाची नक्षी घडीवरून जाणार असेल तर हा धोका अधिक वाढतो. म्हणून नक्षी वेगळ्या पानावर काढून ते पान कार्डाच्या तोंडावर चिकटविण्याची पद्धत आम्हांला बरी वाटते. बिघडले तर एक पान जाते, सगळे कार्ड जात नाही.

हातकागदाचा येथे खास उल्लेख केला पाहिजे, कारण या कामाला त्याच्यासारखा कागद क्वचितच मिळेल. चांगला हातकागद सुती चिंध्यांपासून आणि होजियरीच्या कात्रणांपासून, म्हणजे आमच्याच धंद्याच्या टाकाऊ मालापासून बनतो. सुताचे तंतू लांब असल्यामुळे तो ताणला तरी चटकन तुटत नाही. शिवाय साच्यात हाताने उचललेल्या तावात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे वर सांगितलेली दिशेची अडचण फारशी राहत नाही. आपल्याच राज्यात दौलताबादजवळ कागजीपुरा हे गाव या हुन्नरासाठी प्रसिद्ध आहे. मोहंमद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलविली, त्या काळाशी तेथील कागदाचा संबंध जोडला जातो. जयपूरजवळील सांगानेरच्या कागजी घराण्यांचा कागद तर परदेशांतही जातो. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली स्थापन झाली. अशा ठिकाणचा कागद वापरला तर ‘सुती हातकागदावर उठाव’ असे गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगता येते आणि ते खरेही असते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हातकागदाचा पोत खडबडीत असतो, त्यावर केसासारखी बारीक नक्षी हरवून जाते. त्याला ठळक नक्षीचा फोल्डर हवा. आणि ज्या तावात फुलांच्या पाकळ्या किंवा गवताच्या काड्या घातलेल्या असतात तो दिसावयास कितीही छान असला तरी या कामाला घेऊ नये. काडीच्या जागी दाब येऊन कागदाला भोक पडते.

पुष्कळजण आम्हांला विचारतात की साटीन किंवा ब्रोकेडच्या तुकड्यावर हे फोल्डर चालतील काय? नाही चालत. कापड दाबले जाते आणि पुन्हा फुगून येते. तुकडे वापरावयाचेच असतील तर ते सपाट चिकटवावेत आणि उठाव कागदावरच ठेवावा.

नक्षी कोणती घ्यावी

आमच्या गिऱ्हाइकांत जे चालते ते असे : जाळी, ताऱ्यांची भौमितिक नक्षी, वेलबुट्टी, आणि ज्याला विक्रेते मोरोक्कन म्हणतात तो चौपाकळी घाट. ‘डमास्क’ या नावाने मिळणारी मोठ्या फुलांची नक्षीही चांगली खपते. हे नाव दमिश्क शहराचे आहे आणि मुळात ते तेथील कापडाचे नाव होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. विटांची भिंत, लाकडाचे रेषे असले फोल्डर पाहावयास मजेदार असतात, पण लग्नाच्या पत्रिकेवर त्यांचे काय काम?

सगळ्या पानावर सारखी पसरलेली नक्षी आम्ही पसंत करतो आणि त्याला एक व्यावहारिक कारण आहे. उर्दूचे कार्ड उजवीकडून उघडते, त्याची घडी उजव्या हाताला असते. कोपऱ्यात फूल असलेले किंवा एका कडेला झालर असलेले फोल्डर डावीकडे घडी असलेल्या कार्डाच्या हिशेबाने काढलेले असतात. उर्दू कार्डावर ते फूल नेमके घडीत जाते. फोल्डर फिरवून घातला तर फूल उलटे उभे राहते. जाळीला डावे-उजवे नसते. एकाच जाळीवर मराठी, उर्दू, इंग्रजी, कोणत्याही भाषेची पत्रिका बसते आणि तोच फोल्डर ईदलाही कामी येतो.

जाळीची आणखी एक सोय आहे. पत्रिकेवर बिस्मिल्लाह किंवा आयत लिहिणे पुष्कळ घरांत नको असते, कारण शेवटी पत्रिका रद्दीत जाते. अशा घरांना अक्षरांशिवायही पत्रिका आपल्या घराण्याची वाटावी अशी इच्छा असते. ती इच्छा जाळीने भागते.

अक्षरांचा फोल्डर घेतलाच तर लक्षात ठेवावे की तावाच्या एका तोंडावर अक्षरे सरळ व वर आलेली असतात, दुसऱ्या तोंडावर उलटी व खोलगट. कोऱ्या कागदाला याने फरक पडत नाही. पण एका बाजूने छापलेला किंवा रंगीत कागद असेल तर चुकीच्या तोंडाने घातलेला ताव वाया जातो. फोल्डरच्या कोणत्या पानाकडे कागदाचे तोंड असावे याची खूण पहिल्याच दिवशी पक्क्या शाईच्या पेनाने करून ठेवावी.

मापाकडे लोक दुर्लक्ष करतात. सव्वाचार बाय साडेपाच इंच आणि पाच बाय सात इंच ही कार्डांची मापे परदेशात रूढ आहेत आणि बहुतेक फोल्डर त्यांच्यासाठीच असतात. आपल्याकडील लांबट पत्रिका त्यांत बसत नाही. कागद फोल्डरबाहेर राहिला तर फोल्डरच्या कडेची रेघ कागदावर उमटते आणि ती जात नाही. दोनदा फिरवून नक्षी जोडू म्हटले तर सांधा दिसतो. म्हणून फोल्डरच्या मापाचे पान कापून ते मोठ्या पत्रिकेवर चौकटीत बसवावे. ईदीच्या लिफाफ्याचे मात्र काम सोपे आहे. लिफाफा चिकटविण्याआधी उघड्या तावावर, नेमक्या झाकणाच्या जागी उठाव घ्यावा आणि मग घड्या घालाव्यात.

यंत्र, थर आणि पाणी

सहा इंच रुंदीच्या तोंडाचे यंत्र घरच्या कामास पुरते. त्याहून रुंद यंत्रे महाग पडतात, आणि आपल्या मालाला ती रुंदी फारशी लागतही नाही. कटलबग नावाचे एक लहान यंत्र पूर्वी लोकप्रिय होते. ते आता बनत नाही, परंतु त्याचे जुने फोल्डर इतर कंपन्यांच्या यंत्रांतही चालतात. जुने स्वस्तात मिळाले तर सोडू नयेत.

यंत्राच्या दोन रोलरांमधील अंतर ठरलेले असते, म्हणून सगळी मदार प्लेटांच्या थरावर आहे. पातळ फोल्डराला थर जास्त लागतो, जाड थ्री-डी फोल्डराला कमी. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर हा थर दिलेला असतो, तो भिंतीला चिकटवून ठेवावा. पातळ फोल्डराचा पूर्ण थर लावून जाड फोल्डर जबरदस्तीने ढकलला की एकतर फोल्डर फुटतो किंवा यंत्राचे दाते जातात. हँडल फिरविताना जोर लागावा, पण अंग झोकून देण्याची वेळ येऊ नये. पारदर्शक प्लेटा करकरतात, त्या आवाजाला घाबरू नये. प्लेटा वापराने वाकतात, दरवेळी उलटवून लावल्या तर सरळ राहतात. नक्षी फिकी उठली तर थरात साध्या कागदाचा एखादा ताव वाढवावा. एकदम पुठ्ठा घालू नये. बिजागराची बाजू आधी रोलरात जाऊ द्यावी, म्हणजे पाने सरकत नाहीत.

पाण्याचा उपयोग फार थोड्यांना माहीत आहे. जाड कागदावर उठाव घेण्याआधी दोन्ही बाजूंनी फवाऱ्याने हलके दव द्यावे आणि काही क्षण थांबावे. तंतू सैल होतात, कागद तडकत नाही आणि नक्षी खोल बसते. कागद ओला गच्च होता कामा नये, बोटाला गारवा लागावा इतकेच. बाहेर काढल्यावर पान उघडे वाळवावे, वर वजन ठेवू नये. मालेगावच्या मे महिन्यात हे दव लागतेच लागते. मुंबईच्या जुलैत कागदाने हवेतूनच पाणी प्यालेले असते, तेथे बहुधा लागत नाही. पावसाळ्यात उठावाचे पान गुंडाळल्यासारखे वळते, म्हणून चिकटविताना फक्त कडांना नव्हे तर मध्येही गोंद लावावा. पाण्याचा पातळ गोंद नको, तो उठाव मऊ करतो. दोन तोंडांची चिकटपट्टी बरी.

रंग हवा असेल तर फोल्डरच्या एका पानावर आतून रबरी रोलरने शाईचा पातळ हात द्यावा आणि मग कागद दाबावा. ज्या पानाला शाई लावली त्याप्रमाणे एकतर जमीन रंगते किंवा नक्षी. काम झाल्याबरोबर फोल्डर धुऊन पुसावा, वाळलेली शाई पुढच्या पांढऱ्या कार्डावर डाग सोडते.

हिशेब

आता मुद्द्याचे बोलू. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत. समजा एक फोल्डर ५०० रुपयांना पडला आणि वर्षात १,००० कार्डे बनली. वीस फोल्डर घेऊन ती बनविली तर १०,००० रुपये गेले, म्हणजे दर कार्डामागे १० रुपये. दोनच फोल्डरांवर बनविली तर दर कार्डामागे १ रुपया. यंत्र ८,००० रुपयांचे आणि ते २,००० कार्डांवर वसूल करावयाचे धरले तर ४ रुपये. कागद ८, लिफाफा ५, फीत व गोंद ४. कापणे, दाबणे, चिकटविणे मिळून एका कार्डाला १० मिनिटे लागतात असे धरले तर तासाला सहा कार्डे होतात. तासाची मजुरी ६० रुपये लावली तर कार्डामागे १० रुपये. बिघडलेल्या मालाचे २ रुपये. दोन फोल्डरवालीला कार्ड ३४ रुपयांना पडले, वीस फोल्डरवालीला ४३ रुपयांना.

आणि आमच्याकडे जी कार्डे येतात त्यांतली पुष्कळ २५ रुपयांना द्या म्हणून येतात! विचारले तर उत्तर मिळते की कागद-लिफाफ्याचे १७ गेले, ८ सुटले. स्वतःची मजुरी कोणी धरीतच नाही. घरच्या बाईची मेहनत फुकट समजण्याची ही सवय धंद्यात घातक आहे. उद्या हाताखाली एखादी मुलगी ठेवावी लागली तर तिला पैसे कोठून देणार? आम्ही अशा कार्डांवर २५ ची चिठ्ठी लावीत नाही, बनविणारीशी बोलून भाव वाढवून घेतो. गिऱ्हाइकाने बोट फिरवून कार्ड पसंत केले असेल तर तो ४५ किंवा ५० रुपयेही देतो, असा आमचा अनुभव आहे.

मोठ्या मागणीचा मोह टाळावा. पन्नास-शंभर कार्डे हाताने होतात. दोन-तीनशेच्या पुढची मागणी आली तर धातूचा ब्लॉक बनवून छापखान्यात उठाव घेणेच परवडते. तेथे ब्लॉकचा खर्च एकदाच होतो, आणि मनगटही वाचते. अशा वेळी उठावाचे ताव छापखान्यातून आणून चिकटविण्याचे व सजविण्याचे काम घरी करावे. यात कमीपणा काही नाही.

आणि यंत्र एकटीनेच घ्यावे असेही नाही. तीन-चार घरांनी मिळून एक घ्यावे, प्रत्येक घराने आपला एक-एक निराळा फोल्डर आणावा, म्हणजे व्याजाच्या हप्त्यात न अडकता चार नक्ष्या सर्वांना वापरता येतात. मात्र प्लेटा ज्याच्या त्याने आपापल्या ठेवाव्यात. भांडणे त्यांवरूनच होतात. मुंबईस जाणारे कोणी असेल तर कागद व लिफाफे अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून एकदम आणवावेत. फोल्डर मात्र आपल्या कागदाचा तुकडा खिशात घेऊन जाऊन, शक्य असेल तेथे दाबून पाहूनच घ्यावा. दुकानदार नमुना म्हणून जे कार्ड दाखवितो ते त्याच्या कागदाचे असते.

तयार माल ठेवण्याबाबत एवढेच. कार्डे एकावर एक रचू नयेत, खालच्यांचा उठाव दबतो. ती उभी ठेवावीत. लिफाफा घेताना कोऱ्या कार्डाच्या नव्हे, चिकटवून तयार झालेल्या कार्डाच्या जाडीने घ्यावा. उभी ठेवण्यासाठी कापडाच्या दुकानात जोड्यांचे जे रिकामे पुठ्ठ्याचे डबे पडलेले असतात ते मागून न्यावेत. मध्ये पातळ कागद घालून एका डब्यात पाच बाय सातची पन्नास-साठ कार्डे व्यवस्थित उभी राहतात. आमच्याकडून तर ते डबे फुकटच मिळतात.